सोमवारचं जपान

“ओ पावणं, जरा पेन देता का? माझं ऐनवेळी आटलं.”

सयाजीनं मागं वळून पाहिलं. कॉलेजच्या भित्तिपत्रकासमोर एक मुलगी वही उघडून उभी होती. बाहेर श्रावणातली बारीक सर चालू होती. तिच्या वेणीच्या टोकाशी एक थेंब लोंबकळत होता. तो पडतो की राहतो हे बघण्यात सयाजीची पाच-सहा सेकंदं गेली.

“पेन…” तिनं आठवण केली.

त्यानं दिलं. ती भित्तिपत्रकावरचा मजकूर उतरवून घेऊ लागली. ‘जपानी चित्रमालिका – भाग सातवा. समीक्षक : एक प्रेक्षक.’

“हे वाचता तुम्ही?”

“दर सोमवारी. बाकीच्या जागेत कविता असतात.”

“कवितांनी काय केलं?”

“काहीच केलं नाही, तीच तर तक्रार आहे. पण हा माणूस बघा… एकेक संवाद शब्दाला शब्द देतो. जपानी कोळून प्यालाय अगदी!”

इथं सयाजीनं दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक, हा माणूस म्हणजे मीच. दोन, मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही. पहिली सांगून झाली. तिचे डोळे एवढे मोठे झाले, की दुसरी राहून गेली.

हे सत्याऐंशी सालचं. सयाजीचा मावसभाऊ कृष्णात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत होता. आदल्या वर्षी तिथं यंत्र बसवायला नाकामुरा नावाचे जपानी साहेब आले होते. करमणुकीसाठी आणलेल्या कॅसेटींचं खोकं ते जाताना कृष्णातला भेट देऊन गेले. त्यात एक कार्टूनची मालिका होती. एका बेटावर दीपगृह सांभाळणारी पोरगी, तिची आजी, आणि होडीतून टपाल आणणारा पोरगा. सगळं जपानीत. गुंडूच्या व्हिडिओ पार्लरात दुपारचा खेळ सुरू व्हायच्या आधी सयाजी एकेक भाग बघायचा आणि समीक्षा लिहायचा. चित्रं जपानची असत, संवाद सयाजीच्या गावचे, म्हणजे बिद्रीचे.

मुलीचं नाव पद्मजा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला; वडील हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. त्या दिवसापासून ती समीक्षा आधी सयाजीच्या तोंडून ऐकू लागली, मग भिंतीवर वाचू लागली. पेन मात्र तिच्याकडंच राहिलं. ते परत मागण्याइतका सयाजी अडाणी नव्हता.

“जपानीत ‘उद्या भेटू’ला काय म्हणतात हो?” एकदा सायकल स्टँडवर तिनं विचारलं.

“…तोकोसारू.”

“आणि ‘भेटायला येऊ नका’?”

“तसं त्यांच्यात म्हणत न्हाईत.”

ती खळखळून हसली. मग रोज संध्याकाळी ती सायकलवर टांग टाकताना म्हणायची, “तोकोसारू!” सयाजीही म्हणायचा, “तोकोसारू!” आणि रोज मनाशी म्हणायचा : ही पोरगी आपल्याशी बोलते ती आपल्या जपानीमुळं. जपानी गेलं की पोरगीही गेली! कितीदा तरी खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते ‘तोकोसारू!’

डिसेंबरात प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं.

“नाकामुरा साहेब परत कोल्हापुरात आलेत. शुक्रवारी स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून येतायत. त्यांचं इंग्रजी आपल्याला कळत नाही आणि आपलं त्यांना. तेव्हा दुभाष्या तू.”

“सर, मी…”

“घाबरतोस काय! चोवीस भाग लिहिलेस की!”

पद्मजाला बातमी आधीच लागली होती. “मी पहिल्या रांगेत बसणार,” ती सायकल स्टँडवर म्हणाली, “आणि निघताना साहेबांना उठून सांगणार… तोकोसारू!”

सयाजीच्या डोळ्यांपुढं शुक्रवारचा भरलेला हॉल उभा राहिला.

“पद्मजा… मला न्हाय येत.”

“काय?”

“जपानी.”

“किती नाही येत?”

“अजाबात.”

ती सायकलचं कुलूप काढायला वाकली. कुलूप साधं होतं, पण बराच वेळ निघेना. सयाजीला वाटलं, संपलं आता.

“माहीत आहे,” ती खालूनच म्हणाली.

“आँ? कवापासनं?”

“दहाव्या भागापासून. दीपगृहातली आजी नातीला म्हणते, ‘सटवे, भाकरी करपली की!’ जपानात भाकरी थापतात होय?”

“मग बोलला न्हाईत ते?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. चौदा सोमवार झाले.” ती उठून उभी राहिली. हसत नव्हती. “भिंतीवरचं मला आवडायचं, ती गोष्ट होती. पण शुक्रवारी स्टेजवर जाऊन त्या माणसासमोर खोटं बोलला असतात ना… तर परत कधी तुमच्याशी बोलले नसते. चला, आधी प्राचार्यांना सांगून या.”

प्राचार्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि मोठा उसासा सोडला. “बरं झालं बाबा. तुझ्याकडनं लिहून घेऊन मी दोन ओळी जपानीत बोलणार होतो.” फौंड्रीच्या पुण्याच्या दुभाष्याला निरोप गेला.

शुक्रवारी नाकामुरा साहेबांनी पहिल्यांदा चौकशी केली ती आपल्या कॅसेटी बघणाऱ्याची. सयाजीला स्टेजवर ढकलण्यात आलं. आधी त्यानं सांगून टाकलं, की मला जपानी येत नाही. मग गोष्ट सांगितली. दीपगृहावरची पोरगी, टपालवाला पोरगा, दोघांचं प्रेम. “आन् चोवीस भागांत एकदापण हात धरत न्हाईत! मी लिवलं, काय हा संयम!”

दुभाष्या एकेक वाक्य जपानीत सांगत होता, साहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे खांदे मात्र हलायला लागले होते. ते काहीतरी पुटपुटले.

“साहेब म्हणतात,” दुभाष्या खाकरला, “गोष्ट फारच सुंदर आहे. फक्त ते दोघं सख्खे भाऊ-बहीण आहेत. लहानपणी ताटातूट झालेले.”

हॉल कोसळायचा बाकी राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, “सयाजीराव, राखी आणा की!”

हॉलच्या मागच्या पायरीवर सयाजी डोकं धरून बसला होता. पद्मजा आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“चोवीस आठवडे! संयम!”

“हसा. हसा की. कालेजात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाय.”

“ते निघाले भाऊ-बहीण, तर निघू देत.” ती पायरीवर शेजारी टेकली. जरा अंतर होतं; फार नव्हतं. “मी म्हणते, आपलं काय?”

“आपलं…? म्हंजे?”

“म्हणजे… तूही अजून माझा हात धरला नाहीस.” ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं दोघांनाही ऐकू आलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर बघत राहिली. “मला आपली शंका आली.”

सयाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिचं शंकानिरसन केलं. दोन्ही हातांनी.