दोर कुणाचा?

वाळूत रुतलेली गाडी काढायची तर आधी दोर नीट निवडावा लागतो, आणि दोर निवडणाऱ्याचं डोकं थंड असावं लागतं. मालोजी त्या सकाळी चाकणच्या पेठेत उतरला तो डोक्यात राख घालूनच.

साल पंचावन्न. पिंपरीला कारखान्यांच्या इमारती उठत होत्या आणि त्यांना वाळू पुरवायला ठेकेदारांचे ट्रक चऱ्होलीच्या नदीपात्रात उतरत होते. त्यातल्याच एका ट्रकचा मालोजी ड्रायव्हर. त्याची गाडी आदल्या दिवशी आसापर्यंत रुतली होती, आणि रुतली तीही नेमकी तिथंच, जिथं गेल्या चैत्रात भैरू मेला.

भैरू त्याचा गाडीवरचा जोडीदार. ठेकेदाराचा कारभारी उद्धवराव, यानं कोठीतून कुजका दोर काढून दिला होता, वर तेल चोळून नव्यासारखा केलेला. ओढताना तो तुटला आणि तुटलेलं टोक लोखंडी आकड्यासकट भैरूच्या कपाळात बसलं. मग चोराच्या उलट्या बोंबा! उद्धवरावानं पंचनाम्यात लिहवलं, भैरू दारू प्यायला होता आणि दोर त्यानंच निवडला होता. भैरू! गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस, ताडीच्या झाडाच्या सावलीलाही बसायचा नाही. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हे असले.

आणि त्या कागदाखाली पंच म्हणून अंगठा कुणाचा होता? मालोजीचा. "उठवला नाहीस तर उद्यापासून गाडीवर बसू नकोस," एवढंच उद्धवराव बोलला होता. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. तिकडे कुरुळीत भैरूची बायको रंभा पाण्याला निघाली की बाया कुजबुजत, माळकऱ्याच्या घरात बाटली निघाली म्हणून. तिनं मालोजीला एकदाच विचारलं होतं, "भावजी, तुमी तर शेजारीच हुता न्हवं?" वर्षभर त्या प्रश्नानं त्याला धड जेवू दिलं नव्हतं. आज उद्धवरावाकडून सगळ्यांसमोर खरं वदवून घ्यायचं, भैरूचं नाव धुऊन काढायचं, असं ठरवूनच तो निघाला होता.

आबाजीच्या दुकानात दोरांची वेटोळी आढ्यापर्यंत रचलेली होती.

"गाडी वाळूत हाय," मालोजी म्हणाला. "ताग नको, भिजला की कुजतो. तारेचा तर नकोच, तुटला तर मुंडकं उडवील. वाळूतली गाडी हिसक्यानं येत न्हाई, जरा ताण खाणारा पायजे."

आबाजीनं कोपऱ्यातलं एक वेटोळं पुढं सरकवलं. घायपाताचा दोर, तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड.

"ह्यो काढूनच ठिवलाय. सकाळी तुमचा मानूस आलता. एकेक दोर ताणून, वास घिऊन बघितला. म्हनला, मागनं मालोजी येईल, त्येला ह्योच द्या."

"माझा मानूस? म्या कुनालाच धाडला न्हाई."

"नाव काय सांगितलं न्हाई बाबा. मुंडासं तोंडावरनं गुंडाळलेलं. आन्..." आबाजीनं फरशीकडं पाहिलं. "गेला तवा हितं वली वाळू पडलीती. दोनदा झाडली. परत हायच."

मालोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा उद्धवरावाचाच माणूस! वर्ष होतंय न होतंय तोवर पुन्हा दोरात हात घालतोय! त्यानं वेटोळं उलगडलं, हात हात दोर डोळ्यांखालून घातला, पेड पिळून पाहिले. एक धागा उसवलेला नव्हता. खोट सापडत नाही याचा त्याला आणखी राग आला. नव्या घायपाताला वाळल्या गवताचा वास येतो. याला मात्र डोहाच्या तळच्या चिखलाचा वास होता. पण याहून चांगला दोर दुकानात नव्हता. मालोजीनं तोच खांद्यावर टाकला.

तो पात्रात उतरला तेव्हा भर बारा वाजले होते. जुनी माणसं या वेळेला नदीत पाय घालत नाहीत. वारा पडलेला, सावल्या पायाखाली गेलेल्या, आणि कुठं पाखराचाही आवाज नाही. दहाबारा मजूर दरडीला टेकून उभे होते. घट्ट जमिनीवर दुसरा ट्रक लावून त्याचा ड्रायव्हर ज्योतीराम स्टिअरिंगवर बसला होता. दोन्ही गाड्यांना दोर बांधून झाला. उद्धवराव छत्री धरून शेजारी येऊन उभा राहिला.

वाळूवरच्या लोकांचा एक रिवाज होता. ओढण्याआधी ड्रायव्हरनं विचारायचं, दोर कुणाचा? ज्यानं निवडला त्यानं 'माझा' म्हणायचं, मग बरंवाईट त्याच्या शिरावर. गेल्या चैत्रात हा प्रश्न झाला तेव्हा उद्धवराव तपकीर ओढत गप्प बसला होता.

"दोर कुनाचा?" ज्योतीराम ओरडला.

मालोजीनं 'माझा' म्हणायला हवं होतं. पारखला त्यानं, आणला त्यानं. पण राग माणसाला आंधळा करतो.

"उद्धवरावांचा!" तो गरजला.

"माझा?" उद्धवराव हसला. "बरं बाबा, माझा तर माझा. ओढ आता, ऊन लागतंय."

इंजिन गुरगुरलं. दोर ताठ झाला, आणि मग मधोमध वाकून वाळूत शिरू लागला. जाता जाता त्यानं उद्धवरावाच्या घोट्याला वेढा घातला. छत्री उडाली. ज्योतीरामनं घाबरून इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झालं तरी दोर ओढला जात होता. खाली.

उद्धवराव गुडघ्यापर्यंत गेला, मांडीपर्यंत गेला. मजुरांनी त्याला बगलेत धरलं. मालोजीनं हात लावला नाही. त्याला बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं.

"बोला," तो म्हणाला. "भैरू प्यायला हुता?"

"नाही... नव्हता प्यायला..."

"दोर कुनी दिलता?"

"मी... मीच दिला... कुजका होता, मला ठाऊक होतं... सोड रे, भैरू... सोड..."

दोर ढिला पडला. उद्धवरावाचा पाय सुटला तेव्हा घोट्याभोवती पाच बोटं उमटलेली सगळ्यांनी पाहिली. मग ज्योतीरामनं गाडी ओढली तर ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

"रंभावैनीला आजच सांगाया पायजे," ज्योतीराम म्हणाला. मग थबकला. "पन मग त्या कागदाला पंच कोन हुता रं?"

मालोजीनं वाळूकडं पाहिलं. भैरूचं नाव धुऊन निघालं, आता आपला अंगठा कशाला उकरायचा, असं त्याच्या मनात आलं आणि तो गप्प राहिला.

"मालोजी, चल लवकर!" ज्योतीरामनं हाक दिली.

"व्हा तुमी फुडं. माझी गाडी घिऊन येतोच. दोर गुंडाळतो."

दोर सोडून, उद्धवरावाला आणि मजुरांना घेऊन ज्योतीरामचा ट्रक दरड चढला. मालोजी दोर गुंडाळू लागला. चार वेढे झाले आणि दोर अडला. मधला भाग पुन्हा वाळूत शिरला होता. त्यानं ओढलं. खालून कुणीतरी, अगदी हळू, ओढलं.

त्यानं हात सोडवून घ्यायला पाहिलं. वेढे मनगटावर कधी चढले, त्याला कळलंच नव्हतं.

"सांगतो... अंगठा माझा हुता... भैरू, माझाच हुता रं!"

तो पोटातून ओरडला. पुन्हा ओरडला. दोर ढिला झाला नाही. ट्रकचा आवाज दरडीपलीकडं विरून गेला होता, आणि त्याचं ऐकायला वाळूवर माणूस उरला नव्हता.