निजवलेली बोट

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. मी शाळेची बस चालवते. सकाळी उठून काचेवरचा बर्फ खरवडायचा, मग पोरांचा दंगा सोसायचा. गोष्टी रचायला सवड आहे कुणाला?

हे माझ्या घरात घडलंय. मिनेसोटाच्या उत्तरेला, टॅमरॅक तळ्याच्या काठी, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी माझा धाकटा भाऊ लायल बदकांच्या शिकारीला गेला, तो परत आलाच नाही. त्याची छोटी होडी पालथी सापडली. बदकांना फसवायला पाण्यावर सोडतात ती खोटी बदकं तशीच तरंगत होती.

लायल नाही सापडला.

थंड पाण्यात बुडालेला माणूस वर येत नाही. हे आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तळं गोठायच्या आत सापडला तर सापडला, नाहीतर सगळा हिवाळा बर्फाखाली. शेरीफच्या पोलिसांनी तळाशी गळ ओढून पाहिले आणि शेवटी हात टेकले.

डॅडने नाही टेकले.

माझा बाप हाल्वर. सत्तरी उलटलेली, छातीचं ऑपरेशन झालेलं. रोज उजाडलं की आमची जुनी बोट घेऊन निघायचा आणि काळोख पडल्यावर परत यायचा. दाढीत बर्फाचे कण, हाताची बोटं निळी पडलेली. आला की जेवायचा नाही, बोलायचा नाही. खिडकीत बसून पाण्याकडे बघत राहायचा.

काठाला बर्फाचा पापुद्रा धरायला लागला, तेव्हा मॉमने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अर्लिस, काहीतरी कर. एक गेला. हा बोटीतून पडला तर मी काय करू?"

मी काय करणार होते? त्याला समजावून झालं होतं. त्याच्याशी भांडून झालं होतं. एकच उपाय उरला होता.

बोट निजवायची.

आमच्याकडे तसंच म्हणतात. या जुन्या बोटींच्या पाठीला मोटारीसारखं इंजिन असतं, आणि ते गार ठेवायला तळ्याचंच पाणी त्याच्या पोटातून फिरतं. ते पाणी आत राहिलं आणि गोठलं की लोखंड उभं चिरतं. म्हणून थंडी पडायच्या आत बोट बाहेर काढायची, इंजिन तापवायचं, त्याच्या नरड्यात तेलाचा फवारा मारत राहायचा, म्हणजे ते खोकत खोकत बंद पडतं. मग खालची पितळी बुचं काढून सगळं पाणी सोडून द्यायचं. एकदा बोट निजली की वसंतापर्यंत ती कुणाच्या कामाची नाही.

आणि माझ्या बापाला पाण्यावर जाता येणार नाही. मला एवढंच हवं होतं.

चर्चमध्ये दरवर्षी माशाचं जेवण असतं. मॉमने डॅडला कसंबसं तिकडे नेलं. मी ऑरिनला बोलावलं. ऑरिन आमचा शेजारी. उभा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला, तोंडाने भयंकर खवचट. आम्ही बोट ट्रकने ओढून शेडमध्ये आणली.

"हे इंजिन तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं," ऑरिन म्हणाला. "निदान इतकी वर्षं टिकलं तरी."

"तुझी बायको तर दुसऱ्याच हिवाळ्यात पळाली. तू बोलू नकोस."

तो हसला. त्या महिन्यात कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं.

इंजिनाला नळाचं पाणी जोडून त्याने ते सुरू केलं. सुरू होताना ते नेहमी दोनदा खोकायचं आणि मग धडधडायचं. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. ऑरिनने फवारा मारला. पांढरा धूर झाला, इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं. सगळं नेहमीसारखं.

मग त्याने बुचं काढायला घेतली. उजवीकडून पाणी आलं. गंजकट, तांबूस.

डावीकडचं बूच काढलं...

काहीच नाही.

इथेच नवखा माणूस फसतो. थेंब आला नाही म्हणजे रिकामं आहे असं समजतो आणि बूच लावून घरी जातो. तसं नसतं. भोकात गाळ अडकलेला असतो. तार घालून टोकरावं लागतं.

ऑरिनने तार घातली. टोकरली. फिरवली.

"गाळ नाहीये गं हा," तो म्हणाला. "मऊ लागतंय."

त्याने तार हळूच मागे ओढली. तारेच्या टोकाला गुंडाळून काहीतरी बाहेर आलं...

लोकरीचा धागा. मोहरीच्या रंगाचा.

मी खाली बसले.

मॉमने लायलसाठी त्या रंगाचे हातमोजे विणले होते. फक्त लायलसाठी. मला तो रंग कधीच आवडला नव्हता, मी तिला तोंडावर सांगितलंही होतं.

"कुठल्याही लोकरीचा असेल," ऑरिन म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

आणि मागून आवाज आला.

"दे इकडे."

डॅड दारात उभा होता. मॉम त्याच्यामागे, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. जेवण अर्धवट टाकून तो उठून आला होता. का आला, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

त्याने धागा हातात घेतला. उजेडात धरला. मला वाटलं होतं तो ओरडेल, बोट निजवली म्हणून मला शिव्या घालेल. तो नुसता त्या धाग्याकडे बघत राहिला.

"म्हणजे आपण त्याच्यावरून गेलो," तो म्हणाला. "अर्लिस, मी त्याच्यावरून बोट नेली. तो खाली होता आणि मी वरून गेलो."

"डॅड, तसं काही नसेल."

"ऑरिन, बुचं लाव. बोट पाण्यात घाल. तो सापडेल आता."

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

एक सांगते. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तशीच मान हलवेन. बाहेर वारा होता, पाण्यावर बर्फाचे तुकडे आपटत होते. त्या पाण्यात म्हाताऱ्याला सोडणं म्हणजे त्याला मारणंच होतं.

बुचं पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे वसंतात कुणी विसरत नाही. ऑरिनने या खेपेला ती स्वतःच्या खिशात घातली. बॅटरी काढली, तीही ट्रकमध्ये टाकली.

"हाल्वर, मला माफ कर," तो म्हणाला आणि निघून गेला.

धागा डॅडने मुठीत धरला होता, तो सोडवायला मॉमने किती मिनतवाऱ्या केल्या. रात्री झोपतानाही मूठ मिटलेलीच.

एक गोष्ट मात्र मी त्याच संध्याकाळी बघितली. शेडचं दार लावायला गेले होते.

धागा निघाल्यावर डावीकडच्या भोकातून पाणी सुरू झालं होतं, ते अजून गळत होतं...

धार बारीक होती, पण थांबत नव्हती. खाली ठेवलेली बादली भरून वाहत होती. मी ती ओतली, पुन्हा लावली. सकाळी पुन्हा भरलेली. इंजिनाच्या पोटात एवढं पाणी मावतच नाही. शिवाय ते तांबूसही नव्हतं. स्वच्छ होतं, त्यात बारीक शेवाळ होतं.

मी मॉमला सांगितलं नाही. तिचं तिला काय कमी होतं?

मग वारा पडला आणि कडाक्याची थंडी आली. एका रात्रीत तळं काठापासून काठापर्यंत गोठलं. काळा, पातळ बर्फ. कुत्रं गेलं तरी तडकेल असा. आता मी जरा निश्चिंत झाले होते. पाणीच उघडं नाही, तर हा जाणार कुठे?

त्या संध्याकाळी मी डॅडबरोबर खिडकीत बसले होते. दिवे लावायची वेळ. मॉम बटाटे सोलत होती. डॅडने एकदम मान वर केली.

"ऐकतेस?"

मला काही ऐकू आलं नाही.

आणि मग आलं...

लांब, तळ्याच्या मधून. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

मॉमच्या हातातली सुरी थांबली. म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

"आपली बोट आहे," डॅड म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला होता. "लायल घेऊन आलाय."

"डॅड, बोट शेडमध्ये आहे. आणि तळं गोठलंय."

"मग जाऊन बघ."

मी गेले. मला वाटलं, बघते, त्याला सांगते, म्हणजे हा विषय संपेल. शेडचं दार उघडलं. बोट जागेवर होती. बॅटरी नाही, बुचं नाही. मी इंजिनावर हात ठेवला. ते गार पडलेलं असायला हवं होतं...

ते कोमट होतं.

आणि गळणं थांबलं होतं. बादली कोरडी ठाक होती.

मी धावत बाहेर आले तेव्हा मॉम अंगणात उभी राहून हाका मारत होती. डॅड घरात नव्हता. कंदील खुंटीवर नव्हता. तळ्यावर एक उजेड चालला होता, पावलागणिक वर-खाली होत. माझा बाप त्या कोवळ्या बर्फावरून चालत निघाला होता.

मी काठावर गेले, एक पाय ठेवला. बर्फ लगेच कडाडला, मी मागे फेकली गेले. मी त्याला हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या. तो वळला नाही. एवढ्या वजनाचा माणूस, आणि त्याच्या पायाखाली बर्फाचा एक आवाज नाही.

इंजिनाचा आवाज मात्र जवळ येत होता. मग तो मंदावला. कुणाला बोटीत घेताना मंद करतात, तसा.

उजेड थांबला.

क्षणभर हलला...

आणि मग पुढे निघाला. पण आता तो वर-खाली होत नव्हता. सरळ, संथ, एका रेषेत सरकत होता. बोटीत ठेवलेला दिवा सरकतो तसा.

गोठलेल्या तळ्यावरून.

मग तो पलीकडच्या काळोखात दिसेनासा झाला आणि आवाजही गेला.

सकाळी शेरीफची माणसं बर्फावर पोटावर सरपटत, दोर बांधून गेली. गोठलेल्या दंवावर डॅडच्या पावलांचे ठसे होते. तळ्याच्या मधोमध जाऊन ते संपले होते. भोक नाही. तडा नाही. बर्फ अखंड. त्यांचा साहेब माझ्याकडे आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला. कागदावर त्यांनी 'बुडाला' असं लिहिलं. कसा, ते मी विचारलं नाही.

वसंतात बर्फ वितळला. आम्ही रोज काठावर जायचो. लायल वर आला नाही, डॅडही नाही.

ऑरिनने बुचं आणून दिली आणि त्यानंतर तो आमच्या वाटेला फिरकला नाही. दुकानात भेटला की हवापाण्याचं बोलतो. बोट आम्ही भंगारात दिली. माझ्या डोळ्यांदेखत तिचे तुकडे केले, इंजिनही फोडलं. मला वाटलं, संपलं.

संपलं नाही.

दरवर्षी तळं नव्याने गोठतं, त्या संध्याकाळी ते येतं. दोनदा खोकतं, धडधडतं. आधी लांबूनच जायचं. आता आमच्या बोटीच्या धक्क्यासमोर येऊन मंद होतं आणि तसंच उभं राहतं. बराच वेळ.

मॉम आता खूप म्हातारी झालीये. माझं नावही विसरते. दुसरीकडे राहायला जाऊ म्हटलं तर रडून घर डोक्यावर घेते. पण तो आवाज आला की तिला सगळं आठवतं. आमच्याकडे घरात कुणी बूट घालत नाही, बर्फ-चिखल आत येतो. त्या संध्याकाळी मात्र ती दाराशी बसून मुकाट्याने बूट घालायला लागते.

"आलेत गं ते," म्हणते. "किती वेळ थांबवायचं त्यांना?"

गेल्या आठवड्यात तळं गोठलं. मी दाराला आतून कुलूप घातलं होतं, किल्ली गळ्यात. मॉमला मागून घट्ट धरून मी जमिनीवर बसले. ती रडत होती, मला बोचकारत होती. बाहेर इंजिन मंद चाललं होतं. मी तिला म्हणत होते, झालं, झालं, आता जातील.

तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं.

बूट माझ्याही पायात होते. नाड्यासुद्धा बांधलेल्या. मी ते कधी घातले, मला आठवत नाही.