स्टेजखालची बारव

"अव्या, दोरी सोड! सोड म्हणते ना!"

अविराजनं दोरी सोडली आणि सरपंच दादासाहेबांच्या वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स धाडकन निकिताच्या अंगावर आला. वाढदिवस होऊन महिना झाला होता, म्हणून गाळ वाहायला तो फ्लेक्स न्यायची परवानगी खुद्द सरपंचांनीच दिली होती. गाळ होता खैरवाडीच्या जुन्या दगडी बारवेतला. सुट्टी लागल्यापासून निकिता, जळोचीहून आलेला तिचा मामेभाऊ अविराज आणि तिची सात वर्षांची बहीण संजीवनी असे तिघं त्या विहिरीच्या मागंच लागले होते. चाळीस पोती कचरा काढल्यावर परवा तळाशी ओंजळभर पाणी लागलं, तेव्हा निकिता चिखलातच नाचली होती.

"निके, हे बघ!" अविराज ओरडला.

फ्लेक्समागं ग्रामपंचायतीचा सूचनाफलक होता आणि त्यावर गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा. हरकती घ्यायची शेवटची मुदत होती आजची, संध्याकाळी पाचपर्यंत! निकितानं नकाशात शाळा शोधली, मारुतीचं देऊळ शोधलं, मग बारव शोधली. तिच्या जागी नुसता चौकोन होता. आत लिहिलं होतं, 'सपाट मोकळी जागा. प्रस्तावित वाहनतळ.'

"सपाट?" निकिता किंचाळली. "वीस पायऱ्या चढून-उतरून माझं कंबरडं मोडलं, आन् म्हणं सपाट!"

"म्हणजे बारव बुजवून वर गाड्या लावणार," अविराज म्हणाला.

निकितानं त्या चौकोनावर मूठ आपटली. ते ओंजळभर पाणी तिनं स्वतःच्या हातांनी उकरून काढलं होतं.

"मोजणीचं सायेब आलं तवा झोपलं हुतं का?" ती चिडून म्हणाली.

"झोपलं न्हाय, सत्कार घेत हुतं," संजीवनी म्हणाली. "ते स्टेजवर, मी खाली."

"कशाच्या खाली?"

"स्टेजच्या. बारवेत. तितं गार असतंय."

मग निकिताला सगळं आठवलं. चिंचेची सावली बरोबर बारवेवर पडते, म्हणून दादासाहेबांनी बारवेच्या तोंडावरच फळ्या टाकून, सतरंजी अंथरून स्टेज केलं होतं! साहेबांनी त्यावर उभं राहून शाल-श्रीफळ घेतलं, पुरणपोळी खाल्ली, चौफेर नजर टाकली आणि लिहिलं, 'सपाट'.

त्या सत्काराचा खिडकीएवढा फोटो दादासाहेबांच्या बैठकीत टांगलेला होता, आणि पुराव्याला तोच हवा होता. पण चूक कबूल करणं म्हणजे दादासाहेबांना कारल्याचा रस. खरं सांगितलं तर फोटो मिळायचा नाही. तिघं बैठकीत शिरले आणि निकितानं साखरेचा आवाज काढला.

"दादासाहेब, ह्यो फोटो बारामतीला सायबांच्या हाफिसात न्यावा म्हणतोय आमी. एवढा दांडगा सत्कार, आन् तितं कुणाला दाखवलाच न्हाय!"

दादासाहेबांच्या मिशा फुलल्या. "तुमी कशाला? मीच नेतो की! बसा जीपमध्ये!"

आणि पुरावा स्वतःच्या मांडीवर घेऊन दादासाहेब निघाले. वाटेत दर टपरीवर थांबून फोटो दाखवणं चालूच होतं. निकिताचा जीव टांगणीला लागला. कार्यालयात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते.

जीपमध्येच लिहिलेली हरकत निकितानं पुढं केली. मोजणीच्या शंभूराजसाहेबांनी ती वाचली आणि ते हसले. "बाळा, जागेची पाहणी मी स्वतः केलीय. तिथं बारव नाही."

"सायेब, तुमी तिच्यावरच उभं हुता."

अविराजनं फोटो टेबलावर ठेवला. "दादासाहेब, हे स्टेज किती उंच होतं?"

"फूटभर. माज्या डोळ्यांदेखत बांधलंय!" दादासाहेब छाती फुगवून म्हणाले.

"मग ही कोण?"

कोपऱ्यात सतरंजी उचलली गेली होती. तिथं, साहेबांच्या बुटांच्या खाली, लाल रिबिनींतलं एक डोकं होतं. तोंडात पेढा, कमरेपर्यंत दिसणारा फ्रॉक आणि मागं दगडी पायरी.

"साडेतीन फुटी पोरगी फूटभर स्टेजखाली उभी कशी राहील?" अविराजनं विचारलं.

"मीच हाय ती!" संजीवनी आनंदानं म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. दादासाहेबांच्या मिशा खाली आल्या. निकिता त्यांच्याकडे बघत होती. आता हे सगळं उडवून लावतात की काय?

"सायेब," दादासाहेब घसा खाकरून म्हणाले, "सावली बघितली, खाली काय हाय ते न्हाय बघितलं. चूक माजी. त्या हरकतीवर माजी बी सही घ्या."

"आणि माझी चूक नाही?" साहेब म्हणाले. "शाल घेतली, पोळी घेतली, फक्त माप घ्यायचं राहिलं!" पाचाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी हरकतीवर शिक्का मारला.

शाळा सुरू व्हायच्या आत साहेब खैरवाडीत आले. सत्कार नको म्हणाले, टेप घेऊन वीसच्या वीस पायऱ्या उतरले. मग सुनावणी झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त नकाशा लागला. वाहनतळ हायवेकडेच्या पडीक रानात गेला होता आणि बारव जतन करायची म्हणून नोंदली गेली होती.

"पोरांचा सत्कार करायचाय!" दादासाहेबांनी गर्जना केली. "स्टेज कुठं टाकू?"

"बारवेवर न्हाय!" अख्खं गाव ओरडलं.

सत्कार बारवेच्या पायऱ्यांवरच झाला. "मोठ्यांना जे दिसलं नाही, ते या पोरांनी दाखवलं," शंभूराजसाहेब म्हणाले. आपल्या गळ्यातला हार त्यांनी निकिताच्या गळ्यात घातला, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

संजीवनी मात्र पायऱ्यांवर नव्हती. शोधत गेले तर ती सूचनाफलकापुढं टाचा उंचावून उभी होती. नकाशातल्या निळ्या चौकोनावर तिनं पेढ्यानं चिकट झालेलं बोट टेकवलं होतं.

"ताई, बघ," ती म्हणाली, "हितं मी उभी हुते."