पाहुण्याला दहा मार्क

खोडी काढायची होती टेस्टरची, सापडला भलताच.

टेस्टर म्हणजे आमच्या ऑफिसात प्रोग्रामरच्या चुका शोधून काढणारा प्राणी. आदल्याच दिवशी त्यानं माझ्या एकवीस चुका सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. मग मीही सकाळी लवकर येऊन त्याच्या माऊसच्या पोटाखालच्या दिव्यावर कागदी चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला आणि साळसूदपणे आपल्या जागेवर जाऊन बसले. सत्ताविसाव्या वर्षी मी अशी होते. आता पंचेचाळिशीत सुधारले असेन असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे चहाला यावं. साखरेचा डबा मीच भरते.

तर नेमका त्या दिवशी टेस्टर रजेवर. त्याच्या खुर्चीत येऊन बसला एक अनोळखी माणूस. निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, वाऱ्यानं विस्कटलेले केस. त्यानं माऊस हलवला. ढिम्म. पुन्हा हलवला. तो चिडला नाही, कुणाला हाक मारली नाही... माऊस हलकेच उलटा केला, नखानं पट्टी सोडवली आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवत फिरवत ती बरोब्बर माझ्यावर आणून ठेवली.

मी स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं. कान कुठे लपवणार? ते लाल झाले होतेच.

त्यानं ती पट्टी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली. इतकी अलगद, की मी डोकं पुन्हा वर काढून बघतच राहिले.

"हा पाहुणा," आमच्या साहेबबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही मागून हेडबाई म्हणायचो, आणि त्यांना ते माहीत होतं. "तीन आठवड्यांसाठी दुसऱ्या गावाहून आलाय. ग्रंथालयाची वेबसाइट कोणत्या फ्रेमवर्कमध्ये करायची, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा. पाया, खांब, जिने तयार मिळतात. भिंती आपण बांधायच्या. माझा जीव एका नव्याकोऱ्या, चपळ फ्रेमवर्कवर जडला होता. पाहुण्याचं होतं जुनं, संथ, सतरा ठिकाणी वापरून घासलेलं. ज्याचं निवडलं जाईल, तो वर्षभर हे काम सांभाळणार. माझं निवडलं तर पाहुणा तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी आपल्या गावी परत. त्याचं निवडलं तर तो इथे, आणि मी दुसऱ्या मजल्यावर, जुन्या कामाच्या ढिगाऱ्यात.

आणि मला हे काम हवं होतं हो! त्या ग्रंथालयात मी बाबांचं बोट धरून जायचे. हवं ते पुस्तक नेमकं कुणीतरी नेलेलं असायचं आणि मी पायरीवर बसून रडायचे. घरबसल्या पुस्तक राखून ठेवता येईल अशी वेबसाइट मला माझ्या हातानं करायची होती.

मग काय, रोज भांडण. खिडकीशी एकच टेबल, दोन खुर्च्या, पडद्याच्या फटींतून त्याच्या मनगटावर पडलेले उन्हाचे पट्टे... आणि मी त्याच्याशी भांडतेय.

"तुमचं फ्रेमवर्क दिसायला छान आहे," तो म्हणायचा. "पण उद्या ओळख दाखवील ना? दर दोन महिन्यांनी रूप पालटतं ते."

"तुमचं बरंय. पालटायचं वयच निघून गेलंय त्याचं."

"म्हातारं आहे, पण रात्री-अपरात्री दगा देत नाही."

"घोरत असेल!"

तो हसायचा. हसताना आधी डोळे हसायचे, ओठ मागून यायचे. मी मुद्दाम काहीबाही बोलून ते दोनदोनदा बघून घ्यायचे. एकदा त्याच्या कीबोर्डवरची दोन बटणं काढून अदलाबदल करून लावली. त्यानं दिवसभर हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी फक्त म्हणाला, "मी बटणांकडे बघत नाही, बाईसाहेब. मी... दुसरीकडे बघत असतो."

त्या दिवशी मी घरी चालत गेले. बसच्या तिकिटाला पैसे असूनही. रस्त्यावरचे दिवे ओल्या हवेत कापसासारखे फुलले होते, आणि मी दोन थांबे पुढे निघून गेले ते मला कळलंही नाही.

शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी मार्कांची बेरीज झाली. दोघांना उघडता येईल अशा एका शीटमध्ये सात मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी. माझं बावन्न, त्याचं एकोणपन्नास. मी जिंकले होते.

घरी ताटावर बसले तर घास उतरेना. आई म्हणाली, "जिंकलीस ना? मग तोंड असं का पडलंय?"

"पाहुणा उद्या जाणार."

"अगं बाई," आई म्हणाली, आणि माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवला. फार शहाणी बाई.

शुक्रवारी सकाळी आठला मी ऑफिसात. बाहेर झाडूवाल्या मावशींशिवाय कुणी नव्हतं. शीट उघडली. 'दिसायला कसं' या ओळीत पाहुण्याच्या फ्रेमवर्कला सहा मार्क होते. मी सहाचे दहा केले. त्याचे त्रेपन्न, माझे बावन्न. ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेल्या त्या मुलीची मनातल्या मनात माफी मागितली. दुसरा मजला तर दुसरा मजला. जिना तर एकच आहे ना!

दहाला मीटिंग. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर शीट आली आणि मी डोळे चोळले. माझे सत्तावन्न, त्याचे त्रेपन्न.

हेडबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. ही बाई उडत्या पाखराची पिसं मोजणारी. "काल तर निराळे आकडे होते," म्हणाल्या, आणि एक बटण दाबलं.

आता सांगा, बदलांची नोंद आपोआप राहते म्हणून नवशिक्यांना दटावणारे आम्ही. दोघंही विसरलो! स्क्रीनवर नाव-वेळेसकट सगळं झळकलं. आठ वाजून बारा मिनिटं: मी, पाहुण्याचं, 'दिसायला कसं', सहाचे दहा. आठ चाळीस: पाहुणा, माझं, 'भरवसा', चाराचे नऊ.

आधी टेस्टर फिसकन हसला. मग सगळेच.

"एकवीस वर्षं नोकरी झाली माझी," हेडबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं घर फोडणारे पुष्कळ पाहिले. स्वतःचंच घर फोडून शेजाऱ्याचं भरणारे आजच बघतेय. का रे पाहुण्या?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "त्यांना हे काम मिळायला हवं होतं. त्या पायरीची गोष्ट सांगितली होती त्यांनी... आणि चार मार्क कमीच होते. मी मुद्दाम कमी दिले होते. आठ दिवसांपूर्वी, भांडणाच्या भरात."

हेडबाईंनी चष्मा वर सरकवला.

"आजचे दोन्ही बदल रद्द," हेडबाई म्हणाल्या. "बावन्न-एकोणपन्नास. नवं फ्रेमवर्क. पाहुणा मोकळा."

मोकळा! मी उठून उभी राहिले, तशी खुर्ची मागे आपटली.

"एक मिनिट. 'जुन्या मशीनवर चालेल का' इथे माझ्या फ्रेमवर्कला तीनच मार्क आहेत. आणि ग्रंथालयातला कॉम्प्युटर माझ्या आजोबांच्या वयाचा आहे. तिथे मला... हे लागतील."

"प्रोजेक्टला लागतील, की तुला?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांना कोंडीत पकडलं. त्या दिवशी माझीच पाळी होती.

"प्रोजेक्टला वर्षभर," मी म्हटलं. "माझं... काही ठरलेलं नाही. जास्तच."

पाहुण्याचा चेहरा कानापर्यंत तापला. "मी... आईला फोन करून येतो," असं पुटपुटत तो जो बाहेर गेला, तो जेवायची सुट्टी संपली तरी दिसेना. टेस्टर येता-जाता गुणगुणत होता. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

शेवटी डबा खाऊन जागेवर परत आले आणि कामाला लागावं म्हणून माऊसला हात घातला. ढिम्म. पुन्हा हलवला. ढिम्मच.

उलटा केला. कागदी चिकटपट्टीचा इवलासा तुकडा. कडेला वहीच्या पानाचे धागे अजून लागलेले, आणि वर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं:

'राहतो. आई विचारतेय, तू कधी येतेस?'