निळ्या हातांचा चोर

"गेले! आजबी सगळे खडे गेले!" सलीमा रडकुंडीला आली होती.

नांदुऱ्याजवळच्या त्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनाघरात, आता रेबेकाआजी एकटीच दिवा लावी. अंगणात एक शिळा होती. मानमोडीच्या, म्हणजे जुन्या जीवघेण्या फ्लूच्या साथीत गावाची सेवा करता करता गेलेल्या सात यहुद्यांची नावं तिच्यावर होती. त्यांच्यात तिथे फुलं नाही, आठवणीचा खडा ठेवतात. उद्या त्या सात जणांचे नातेवाईक मुंबईहून येणार होते आणि पहिला खडा ठेवणार होती सलीमा. सुटीभर खडे तिनेच सांभाळले ना!

तिची मैत्रीण मंजुळा हिच्या पोटात दुखत होतं ते हेच. नदीतून खडे वेचले दोघींनी, अन् मान एकटीला?

"हीच फेकते अन् हीच रडते!" ती भावाला, इंद्रभानला म्हणाली. "पाह्यजो, कशी पकडतो तिले!"

दुपारी सलीमा नवे खडे मांडून घरी गेली. मंजुळाने हळूच त्यांना कपड्यांची नीळ फासली.

संध्याकाळी खडे पुन्हा गायब!

"हात दाखव!" मंजुळा सलीमावर धावली.

"काऊन वं?" सलीमाचे हात लख्ख होते. मंजुळा चाट पडली! तेवढ्यात ओटा बांधणारे उकंडराव मिस्त्री घाम पुसत वळले. हात निळे, कपाळ निळं!

ती ओरडणार, तोच रेबेकाआजी आली. "सलीमा, एवढंसं काम जमलं नाही तुला? उद्या मंजुळाच खडा ठेवील."

सलीमाने मान खाली घातली. मंजुळाला हवं ते आयतं मिळालं होतं. गप्प राहिलं की झालं! पण तिला ते गिळवेना.

"आजी, मिस्त्रीकाकाचे हात पाहा! खड्यांले नीळ म्या लावली होती." तिने पाठीमागे लपवलेले स्वतःचे निळे हात पुढे केले. "सलीमाले पकडाले. मले तिचा लय हेवा वाटे."

"मुद्दाम ठेवलेले गोटे व्हय ते?" उकंडराव गडबडले. "पाहुणे येऊन राह्यले म्हून मी रोज शिळा झाडतो, अन् गोटे ओट्याच्या भरावात टाकतो!"

"मिस्त्री, विचारायचं तरी!" आजीने कपाळावर हात मारला. मुलांनी भराव उकरून खडे काढले.

दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "शाब्बास पोरींनो! चोर धरणं सोपं, स्वतःचे हात दाखवणं कठीण."

सलीमाने पहिला खडा ठेवला. मंजुळाला अजूनही थोडं टोचलंच! मग सलीमाने दुसरा खडा तिच्या निळ्या हातात दिला.

"ठेव वं. पण पुढच्या टायमाले शक आला तं आधी मले इचारजो!"