रेष हातभर खाली

"आता सगळ्यांनी हात वर करा आणि या रेषेला टेकवून बघा," बिनुली म्हणाली. कँडीहून आलेल्या एका जाड्या काकांनी हात वर केला. बोटं खरंच रेषेला टेकली.

दारात बसलेली तिसारी ताडकन उठली.

"टेकली तुमची बोटं?"

"टेकली की," काका म्हणाले. "एवढंच होतं होय पाणी? टेबलावर उभं राहिलं असतं तर माणूस वाचला असता."

बाहेर अंगण झाडणाऱ्या लोकुअम्माचा झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

लोकुअम्मा म्हणजे तिसारीच्या आईची थोरली बहीण. हे संग्रहालय म्हणजे तिच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. त्सुनामीत पिळवटलेली सायकल, चिखलानं भरलेलं दप्तर, भिंतभर फोटो, आणि पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते दाखवणारी लाल रेष. गेली दोन वर्षं सुट्टी लागली की आलेल्या लोकांना हे सगळं तिसारीच दाखवायची. शेवटी ती म्हणायची, "हात वर करा. बघा, टेकत नाही ना?" आणि कुणाचाच टेकायचा नाही. मग लोक एकदम गप्प व्हायचे. तिसारीला ती शांतता फार आवडायची.

यंदा एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या सुट्टीत धाकट्या मावशीची मुलगी बिनुली कोलंबोहून आली. तिसारीपेक्षा एका वर्षानं मोठी, वीतभर उंच, इंग्रजी फाडफाड. पहिल्याच दिवशी तिनं एका परदेशी जोडप्याला सगळं समजावून सांगितलं आणि लोकुअम्मा म्हणाली, "किती गोड आवाज आहे गं तुझा. आता तूच दाखवत जा." झालं. तेव्हापासून तिसारी कोकीस, म्हणजे नव्या वर्षाची तळलेली कुरकुरीत चकती, खाताना असा कडकन चावा घ्यायची, की जणू हातात बिनुलीचा कान आहे.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "लोकुअम्मा, रेष खाली आलीय."

"रेष कशी खाली येईल?" बिनुली हसली. "ती काय पाल आहे?"

"तुला काय माहीत? येऊन चार दिवस झाले नाहीत तुला."

"तू उंच झालीस गं वर्षभरात," लोकुअम्मा म्हणाली.

"मी झाले. आणि ते काका? तेही वाढले का?"

"तिसारी, जळू नये असं. बहीण आहे ती तुझी."

हे म्हणतानाही लोकुअम्मानं भिंतीकडे बघितलं नाही. ती कधीच बघायची नाही. त्सुनामीच्या दिवशी तिचा मुलगा दुलान याच खोलीत होता. नऊ वर्षांचा. फोटोंवरची धूळ ती रोज पुसायची, पण त्या रेषेच्या उंचीला तिची नजर कधी जायची नाही.

तिसारी तरातरा निघाली ती थेट शेजारच्या रिझनीकडे. रिझनी तिच्याच वर्गातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू जळतेस हे खरंय," तो म्हणाला.

"ए!"

"ऐक तर. रेष खाली आलीय हेही खरंय. मागच्या सुट्टीत मी उड्या मारमारून दमलो, हात लागला नाही. परवा सहज लागला. मला वाटलं, आपली उडी सुधारली."

तिसारीला एकदम आठवलं. मागच्या आठवड्यात नव्या वर्षासाठी रंगकाम करणाऱ्या सुमने मामानं भिंती रंगवल्या होत्या. रेष झाकली गेली आणि त्यानं ती परत काढली. आणि त्यानंतर मुदलालीची माणसं आली होती, रेष मोजायला फीत घेऊन.

"रिझनी," तिसारीचा आवाज बदलला. "बालवाडी."

गावात नवी बालवाडी बांधत होते. पुन्हा पाणी आलं तर पोरांनी जिना चढून वरच्या मजल्यावर जायचं, म्हणून वरची जमीन त्या रेषेपेक्षा हातभर उंच धरायची असं ठरलं होतं. काम घेतलं होतं गावातल्या बड्या व्यापाऱ्यानं, ज्याला सगळे मुदलालीच म्हणायचे. त्याच्या माणसांनी नुसती संग्रहालयातली रेष मोजली आणि त्या मापानं वरच्या जमिनीचं सिमेंट ओतायला फळ्या ठोकल्या. रेष हातभर खाली असेल तर वरच्या मजल्यावरसुद्धा पाणी पायाला लागणार. तिसारीचा चार वर्षांचा भाऊ ससिंदू त्याच बालवाडीत जाणार होता.

दोघं गेली तेव्हा सुमने मामा आपल्या अंगणात ब्रश धूत बसला होता.

"रेष होती तिथंच आहे," तो म्हणाला. धुतलेला ब्रश त्यानं परत पाण्यात बुडवला, पुन्हा धुतला, पण वर काही बघेना.

मुदलाली तर हसलाच. "गेल्या वर्षी ही पोरगी लोकांना फिरवायची, यंदा दुसरी फिरवते. म्हणून हिचं पोट दुखतंय. जा बाळ, केळी खा. उद्या वर्षातल्या पहिल्या कामाचा मुहूर्त आहे. मुहूर्ताचं पहिलं घमेलं मी स्वतः ओतणार."

"सगळे हेच म्हणतात," परत येताना तिसारी चिडून म्हणाली. "जळते, जळते. जळणाऱ्या माणसाला काय डोळे नसतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यकाळ लागला. जुनं वर्ष संपलेलं, नवं अजून यायचं. या मधल्या वेळात चूल पेटवायची नाही, कामाला हात लावायचा नाही. सगळं गाव पांढरे कपडे घालून विहारात गेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"तुम्हाला काम करायचं नाही," रिझनी म्हणाला. "मला कुठला पुण्यकाळ? आमचं नवं वर्ष वेगळं. चल."

त्याच्या घराच्या मागच्या कोठीत कुणी कधी रंग लावत नसे. ईदला रंग लागायचा तो फक्त पुढच्या भिंतीला. कोठीत वर, तपकिरी डागाच्या कडेला, त्याच्या आजोबांनी पाणी ओसरल्यावर ठोकलेला खिळा अजून तसाच होता.

"पाणी इथपर्यंत आलं, तर शेजारच्या घरात पण तेवढंच असणार," रिझनी म्हणाला. त्याचे वडील गवंडी. त्यानं खुंटीवरून त्यांची लांबलचक पारदर्शक नळी काढली. "हिच्यात पाणी भरायचं. जमीन कशीही वरखाली असू दे, नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं. इकडचं पाणी खिळ्याला आलं, की तिकडचं बरोबर खऱ्या रेषेवर."

कोठीच्या खिडकीतून नळी कुंपणावरून संग्रहालयाच्या खिडकीत आली. तिकडं कोठीतल्या पिंपावर चढून रिझनी एका टोकाला, इकडं तिसारी दुसऱ्या. पण तिसारी स्टुलावर चढून, टाचा उंचावून उभी राहिली तरी नळीचं टोक हवं तितकं वर जाईना. पाणी तिच्या मनगटावरून काखेत ओघळलं.

"हे काम चाललंय का? पुण्यकाळात?" दारात बिनुली उभी. ती डोकं दुखतंय म्हणून विहारात गेली नव्हती.

"खेळतोय," तिसारी म्हणाली. "पुण्यकाळात खेळलेलं चालतं."

बिनुलीनं नळीकडे बघितलं, खिडकीतून पलीकडे बघितलं. हुशार होती ती, सांगावं लागलं नाही. तिसारीला याचाच जास्त राग आला.

"मी उंच आहे," बिनुली म्हणाली. "दे."

"नको."

"तिसारी!" कुंपणापलीकडून रिझनी ओरडला. "माझे हात मोडले इथं! तिला दे!"

पाहुणे दिले, खोली दिली, लोकुअम्मा दिली, आता नळी पण द्या. तिसारी स्टुलावरून उतरली. नळी देताना थोडं पाणी बिनुलीच्या पांढऱ्या झग्यावर सांडलं. मुद्दाम नाही. म्हणजे, अगदीच मुद्दाम नाही.

बिनुली स्टुलावर चढली. "थांबा, यात बुडबुडा आहे. बुडबुडा असला तर माप चुकेल." तिनं नळीला टिचक्या मारल्या. बुडबुडा सरकत सरकत वर आला आणि फुटला. हे आपल्या लक्षात आलं नव्हतं, हे तिसारीनं मनातल्या मनात कबूल केलं, तोंडानं नाही.

"खिळ्याला आलं!" रिझनीचा आवाज आला.

बिनुलीनं भिंतीवर बोट ठेवलं. नवी रेष त्या बोटाच्या खाली, चांगली हातभर खाली होती.

रिझनी चमचा घेऊन धावत आला. बिनुली खूण करून उतरली, स्टुलावर पाट ठेवून तो चढला आणि बोटाच्या जागी खरवडू लागला. पांढरा रंग पापुद्र्यानं निघाला. त्याखाली लाल. जुना, विटलेला लाल.

बिनुली हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना चुकीचं सांगत होते."

"हो," तिसारी म्हणाली. आणि तिला वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही.

फटाके वाजले. पुण्यकाळ संपत आला होता. लोक घराघरात चुली पेटवायला परतत होते, त्यानंतर लगेच कामाचा मुहूर्त. तिघं बालवाडीकडे धावली. सिमेंट-वाळूचा ढीग तयार होता, फक्त पाणी घालून कालवायचं बाकी होतं, आणि मुदलाली पांढऱ्या सारोंग-लुंगीत घमेल्याजवळ उभा होता.

"ओतू नका मामा," तिसारी म्हणाली. "खरी रेष सापडलीय. सुमने मामाची रेष हातभर खाली आहे."

"परत आली ही! अगं, मुहूर्त टळेल. वर्षभर काम रखडेल माझं."

"मुहूर्ताला पहिलं काम सुरू करायचं ना? मग फळ्या काढून वर ठोका. तेही कामच आहे. मुहूर्त तुमचा, मजला आमचा."

जमलेली माणसं हसली. मुदलाली लाल झाला. "आणि हिचं पोट दुखत नाही कशावरून?"

"दुखतंय ना," तिसारी म्हणाली. "खूप दुखतंय. तरीपण या आणि बघा."

गर्दीमागून लोकुअम्मा पुढं आली. हातात दुधाचं मडकं, चुलीवर ठेवायच्या आधीच आलेली. ती घराकडे वळली. सगळे तिच्या मागं. आत शिरून ती भिंतीसमोर उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर केली.

खरवडलेल्या लाल पट्टीपर्यंत तिनं हात नेला. बोटं पोचली नाहीत.

"टेबलावर चढला होता तो," ती म्हणाली. "मी त्याला चढवलं होतं. ते काका म्हणाले तेव्हापासून मला वाटत होतं, मीच काहीतरी चुकले."

गर्दीबरोबर आत आलेल्या सुमने मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, रंगवायच्या आधी रेषेएवढी एक काठी तोडून ठेवली होती मी, जमिनीपासून मोजून. भिंतीला टेकवून ठेवली आणि जेवायला गेलो. आलो तर काठी नाही. तुला विचारायची भीती वाटली. अंदाजानं काढली."

लोकुअम्मानं कपाळावर हात मारला. "ती होय? ती मी कोकीस तळायला चुलीत घातली."

मुदलालीनं घसा खाकरला. मग खिडकीतून ओरडून माणसांना सांगितलं, "ए, फळ्या काढा रे! हातभर वर घ्या!" आणि तिसारीकडे वळून म्हणाला, "माझ्या माणसांपेक्षा तुझे डोळे चांगले आहेत. आणि जीभ पण."

संध्याकाळी दूधभात खाताना लोकुअम्मानं पहिला घास रिझनीला दिला, दुसरा बिनुलीला. तिसारी वाट बघत बसली.

"मला का शेवटी?"

"कारण तुला जास्त वेळ जवळ बसवायचं होतं," लोकुअम्मा म्हणाली आणि तिला कुशीत ओढलं. "कुणीच वर बघितलं नाही, पोरी. मीसुद्धा नाही. तू बघितलंस."

समोर बिनुली तोंड एवढंसं करून बसली होती. नजर लोकुअम्माच्या हातावर, तिसारीच्या डोक्यावरून फिरणाऱ्या. ती नजर तिसारीनं ताबडतोब ओळखली. चार दिवस ती स्वतः तशीच बघत होती.

ती लोकुअम्माच्या कुशीत जरा आत सरकली. मग थोडा वेळ थांबून, उसासा टाकून, तिनं दुसऱ्या बाजूला जागा केली.

"ये," ती म्हणाली. "पण जास्त सरकू नकोस."