तळं गोठतानाचा ठोका

धाकटी बहीण वाद्यवृंदात टिंपनी वाजवायची. तांब्याच्या पोटाचे ते मोठाले नगारे म्हणजे तिचा संसार, असं दादा चिडवायचा. दादा त्याच वाद्यवृंदाचा संचालक, आणि तोंडाचा फटकळ. कुणी चुकलं की छडी स्टँडवर आपटायचा. दोन ठोके लगबगीचे, तिसरा जरा थांबून. त्यानंतर धाकटीला "ढब्बे, झोपलीस का?" हे ठरलेलं, मग चूक कुणाची का असेना.

नवी रचना लिहायला म्हणून तो डोंगरातल्या एका तळ्याकाठी जाऊन राहिला. हिवाळा सरता सरता परतला तो ती पुरी करूनच. नाव साधंच, 'तळं'. उन्हात चकाकणाऱ्या पाण्यापासून सुरुवात, मग वारा, धुकं, थंडी. शेवटी सगळी वाद्यं गप्प होतात, बराच वेळ काहीच वाजत नाही, आणि टिंपनीचा एकच ठोका पडतो.

"तिथे तळं गोठतं," तो म्हणाला. "वरून पार बंद होतं."

दादा आता कुणावर ओरडत नव्हता. छडी आपटणं तर सुटलंच होतं. डोंगराची हवा मानवली साहेबांना, असं वादक म्हणायचे. तीही म्हणायची, बरं झालं. पण तो तिला आता नावाने हाक मारायचा, ढब्बी म्हणून एकदाही नाही, आणि घरी गेल्यावर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या तालमीपासून एका नगाऱ्याचं चामडं सैल पडू लागलं. ओलाव्याने चामडं उतरतं हे तिला ठाऊक होतं. पण सभागृह कोरडं ठणठणीत होतं, आणि उतरायचं ते फक्त 'तळं' वाजवताना. सूर तपासायचा तर नगाऱ्यावर वाकायचं, कान चामड्याजवळ न्यायचा आणि बोटाने अलगद टिचकी मारायची. त्या लांबलचक शांततेत तिने सवयीने तेच केलं.

आतून उत्तर आलं.

टक्-टक्. टक्.

चेलो वाजले की नगारा आपसूक घुमतो, त्यात नवल ते काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण चेलो तर गप्प होते. पुढच्या तालमीत तिने टिचकी मारलीच नाही. तरी आवाज आला, पाण्याखालून यावा तसा, आणि तिसरा ठोका कधी पडणार हे तिला आधीच कळलं होतं. असे ठोके देणाऱ्या माणसाचा ओरडा खातच ती वाजवायला शिकली होती.

समोर तो शांत उभा होता, हात वर धरून.

"तिथे कान लावू नकोस," तालीम संपल्यावर तो म्हणाला. "ठोका तेवढा जोरात दे."

"दादा, मला ढब्बी का म्हणत नाहीस रे हल्ली?"

"म्हणायचो का मी?"

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. ठोका द्यायचा नाही. रचना फसू दे, नोकरी जाऊ दे, पण ते तळं आपल्या हाताने बंद करायचं नाही.

शांतता आली. भरल्या सभागृहात कुणी खोकलंही नाही. ती वाकली.

टक्-टक्. टक्. मग पुन्हा, घाईघाईने. पुन्हा.

"आहे रे दादा," ती चामड्याशी पुटपुटली. "मी आहे इथे."

समोरची छडी खाली आली.

इतकी वर्षं छडी खाली आली की तिचा हात खाली यायचा. आजही आला. तिला विचारायला हात थांबलाच नाही.

ठोका अगदी नेमका पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो चौथऱ्यावरून उतरून तिच्याजवळ आला, कौतुकाने हसला. "छान बसला. चल, घरी जाऊ."

ती वाकलेलीच होती. सैल पडलेलं चामडं आता ताठ झालं होतं, गालाला गारठा झोंबत होता. खूप खोलवरून आवाज आला.

टक्-टक्.

ती तिसऱ्याची वाट बघत राहिली.